फुलोऱ्याचा दोर आणि उपटलेले रोप

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, दोर म्हटले की तुम्हाला विहीर आठवेल, नाहीतर गाय बांधायचा खुंटा. मी आयुष्यात विहीर पाहिली नाही. माझे काम भाताची लग्ने लावण्याचे. हसू नका. चीनमधल्या हुनान प्रांताच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, शितांग नावाच्या दरीत, मी हे काम इमानेइतबारे केले आहे.

माझा जन्म ताडासारख्या एका झाडाच्या अंगावरच्या तपकिरी जाळीतून झाला. ही झाडे आमच्याकडे घरोघरी परसात असतात. जाळी सोलायची, पिंजायची आणि वळायची. मला वळले शू यौगनने, त्याच्या लग्नाच्या वर्षी. यौगन मूळचा आळशी. पण आळशी माणूस एखादे काम फार निगुतीने करतो, का, तर ते पुन्हा करावे लागू नये म्हणून. त्यामुळे माझा पीळ असा घट्ट बसला की आजतागायत सुटलेला नाही. त्याने मला म्हशीसाठी वळले होते. पण त्याची नवी नवरी, लुंग यिनहुआ, तिने मला दोन्ही टोकांना ओढून पाहिले आणि म्हणाली, "हा म्हशीला? काही तरीच. हा मला खाचरात लागेल." म्हशीला जुनेच दावे मिळाले आणि मला खाचर मिळाले.

आमच्या दरीत खायचे भात थोडे आणि बियाण्याचे भात फार. हे बियाणे साधे नाही, संकरित आहे, आणि ते करणे हे कटकटीचे काम आहे. भाताचे फूल मोठे आपमतलबी असते. ऊन चढले की तूस उघडते, आतले पराग आतल्याच कुक्षीवर, म्हणजे ते झेलणाऱ्या केसाळ तुऱ्यावर, पडतात, आणि थोड्या वेळात दार बंद. शेजाऱ्याला आत घेणे नाही. पण दोन वेगळ्या घराण्यांचे भात एकत्र आले की त्यांचे बी जोमदार निघते. म्हणून जाणत्यांनी असे भात शोधले, ज्याचे स्वतःचे पराग वांझ असतात. त्याच्या ओळी म्हणजे आईच्या ओळी. शेजारी दुसऱ्या घराण्याच्या, बापाच्या ओळी. आता बापाकडचे पराग आईपर्यंत जायचे कसे? मधमाश्या भाताकडे फारशा फिरकत नाहीत. वारा आला तर आला. तिथे मी लागतो.

एका बांधावर यिनहुआ, समोरच्या बांधावर यौगन, आणि मधे मी. दव सुकले, तुसे उघडली की दोघे चालू लागत आणि मी बापाच्या लोंब्यांवरून सरसर फिरत असे. पिवळसर धुरळा उठायचा आणि आईच्या ओळींवर बसायचा. दरीत सगळ्याच खाचरांत त्या वेळी असे दोर फिरत. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायचे म्हणजे ओरडूनच, त्यामुळे नवरा-बायकोचे काहीही गुपित राहत नसे.

"अहो, टोक उचला की! भात हलवायचाय, झोडपायचा नाही."

"उचललंय गं. दोरच लोंबतोय."

"दोर नाही लोंबत, तुमचा हात लोंबतोय. कालची दारू उतरली नाही वाटतं."

"तुझ्या बापानं पाजली होती. सासरची दारू हळू उतरते."

आजूबाजूच्या खाचरांतली माणसे हसायची. माझ्यावर हसू सांडले की मला उगाच बरे वाटायचे.

या लग्नांत एक अडचण मात्र होती. आमच्या आईच्या ओळींतली फुले फार लाजरी. त्यांची कुक्षी आखूड, तुसाच्या आतच बसलेली. दुपारी आभाळ आले, पावसाची सर आली, की त्या दिवशीचे लग्न मोडले. दार बंद झाले ते झाले. मग कापणीच्या वेळी लोंबी हातात घ्यावी तर निम्मी तुसे पोकळ. अशी वर्षे आली की यिनहुआ कमी बोलायची आणि यौगनचे विनोदही बंद व्हायचे.

पण यिनहुआचे खरे नाव होते ते भेसळ काढण्यात. बियाण्याच्या खाचरात एक जरी रोप परक्या जातीचे उभे राहिले तर सगळे बी बिघडते. आमच्या दरीत भेसळ म्हणजे चोरीपेक्षा वाईट. ज्याच्या खाचरात भेसळ निघाली त्याच्या घरी सोयरीक करू नये, असे लोक म्हणत, आणि अगदीच गमतीने म्हणत नसत. यिनहुआ नुसती बांधावरून चालत गेली तरी तिला कळायचे. एखादे पान जरा रुंद, एखादी लोंबी जरा वाकडी, की हात खाली जायचा आणि रोप मुळासकट वर. उपटलेले रोप बांधावर टाकायचे नाही, कारण त्याचे पराग उडतात. त्यांची पेंढी करायची, मला तिच्याभोवती आवळायचे आणि पेंढी म्हशीपुढे टाकायची. ही आमच्याकडची रीत.

आता रोंगमेईबद्दल सांगतो. रोंगमेई ही यिनहुआची भाची, भावाची मुलगी. आईबाप कारखान्यात कामाला दूर गेले, तेव्हा ती आत्याकडेच वाढली. पुढे शिकली आणि प्रांताच्या शहरात भातावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागली. हिवाळ्यात ती दक्षिणेकडच्या हायनान बेटावर भात लावायची आणि उन्हाळ्यात आमच्या दरीत. यिनहुआने आपल्या खाचराचा वरच्या अंगाचा एक तुकडा तिला दिला होता. तिथे डोंगर आडवा येतो, बाहेरचे पराग पोचत नाहीत.

एकदा जेवणाच्या वेळी दोघी बांधावर बसल्या होत्या. भात, धुरावलेले मांस आणि लाल मिरचीचे लोणचे. मी शेजारी वेटोळे करून पडलो होतो.

"आत्या, मी ह्यात जंगली भात आणलाय," रोंगमेई म्हणाली.

"जंगली? दलदलीतला? अगं, त्याच्याकडे बदकंसुद्धा बघत नाहीत."

"त्याची कुक्षी लांब असते. तुसाच्या बाहेर येते आणि दार बंद झालं तरी बाहेरच राहते. आज पराग नाही मिळाले तर उद्या मिळतील."

यिनहुआने मिरचीचे बी दातातून काढले. "म्हणजे उंबऱ्यावर बसून वाट बघणारी. आणि आमची दार लावून झोपणारी."

"अगदी तसंच."

"मग दे की हा गुण आमच्या भाताला. इतकी वर्षं काय करतेस तिथं?"

रोंगमेई हसली. "एक जनुक असतं तर कधीच दिलं असतं, आत्या. बरीच जनुकं मिळून हे काम करतात. आणि त्यातलं जे सगळ्यात जोरकस आहे, त्याच्या अगदी शेजारी दुसरं एक बसलंय, दाणे गाळणारं. पहिल्याला बोलावलं की ते दुसरंही मागोमाग येतं. कुक्षी छान लांब होते, पण पीक हातात यायच्या आधी दाणे चिखलात."

"पोरगी चांगली आहे, पण तिची आई कायमची राहायला येते."

"हो, तेच! कधी तरी, हजारो रोपांत एखाद्या रोपात, ही दोघं वेगळी होतात. मला ते रोप पाहिजे."

"आणि नाही मिळालं तर?"

रोंगमेईने वाटी खाली ठेवली. "नाही मिळालं तर हे काम बंद. संस्थेनं सांगितलंय, हा शेवटचा हंगाम. लोक म्हणतात मी एका फुलाच्या मागे वय घालवलं."

"लोकांना दुसरं काय काम आहे," यिनहुआ म्हणाली आणि आपल्या वाटीतला मांसाचा मोठा तुकडा भाचीच्या वाटीत टाकला.

त्या हंगामात भात निसवले, लोंब्या बाहेर पडल्या. जंगली वळणाची, लोळणारी रोपे रोंगमेईने आधीच काढून टाकली होती. उरलेला तुकडा नीटनेटका दिसत होता. त्यातल्या रोपांच्या पानांचे तुकडे तिने शहरात तपासायला नेले आणि जाताना आत्याला इतकेच सांगितले, "पाण्याकडे लक्ष दे." आणखी काही सांगायला हवे, हे तिच्या मनातही आले नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात बियाण्याच्या कंपनीचे तपासनीस दरीत येणार होते.

पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, आणि शेजारी बहिणीचे घर असेल तर तिचेही अंगण झाडून टाकतो, हो ना? ते यायच्या आदल्या दिवशी यिनहुआने तेच केले. आपले खाचर निवडून झाले आणि ती वरच्या तुकड्यात गेली. शेवटच्या ओळीत एक रोप उभे होते. रोप सरळ, पान चांगले, पण लोंबीवर जागोजागी जांभळट बारीक केस बाहेर आलेले. बाकी कुठल्याच रोपाला तसे नव्हते. "पोरीच्या तुकड्यात भेसळ!" ती पुटपुटली. "उद्या सगळ्यांसमोर तिची शोभा होईल." हात खाली गेला आणि रोप वर आले.

तिने ते रोप पेंढीत खुपसले, मला भोवती आवळले आणि पेंढी यौगनच्या खांद्यावर दिली. "नीट म्हशीकडे जा. वाटेत बसू नका." मग पुन्हा खाली वाकून तिने भाचीच्या तुकड्यातला चिखल हाताने सारखा केला. खड्डा दिसू नये म्हणून.

यौगन निघाला आणि पाटाशी येऊन थांबला. खाचरावर आदल्या दिवशी औषध फवारलेले होते, म्हणून पेंढी जरा पाण्यात भिजू द्यावी, असे त्याने ठरवले. कारण खरे होते, पण त्याला ते सापडल्याचा आनंदही झाला. त्याने आम्हाला पाटात सोडले, टोक दगडाखाली दाबले आणि झुडपाच्या सावलीत आडवा झाला. थोड्याच वेळात घोरू लागला.

दुपारच्या गाडीने रोंगमेई आली. तिला मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण अशी पळताना कधी पाहिले नव्हते. चपला हातात, बांधावरून धावत, आणि ओरडत, "आत्या! सापडलं! ते रोप सापडलं! लांब कुक्षी आहे आणि दाणे गाळणारं जनुक नाही! शेवटच्या ओळीतलं, जांभळ्या केसांचं!"

यिनहुआ खाचरात उभी होती. रोंगमेई शेवटच्या ओळीपाशी पोचली, सारखा केलेला चिखल पाहिला आणि जागच्या जागी थांबली.

"मी काढलं," यिनहुआ म्हणाली. "मला वाटलं, भेसळ आहे. उद्या ते लोक येणार, तुला नावं ठेवतील."

"कुठं टाकलंस?"

"म्हशीला."

रोंगमेई तिथेच बांधावर बसली. यिनहुआने एकदा तिच्याकडे पाहिले आणि पदर खोचल्यासारखी बाही वर सारून घराच्या दिशेने चढावर धावत सुटली. मी तिथेच होतो, मित्रांनो, त्यांच्या बोलण्याच्या टप्प्यात, पाटाच्या गार पाण्यात, आणि माझ्या मिठीत ते रोप होते. पण दोराला तोंड कुठे असते? आयुष्यात मला कधी बोलावेसे वाटले असेल तर ते त्या दुपारी.

आवाजाने यौगन जागा झाला. डोळे चोळत आला. "काय झालं? कोण गेलं?"

"आतोबा, तुम्ही म्हशीला पेंढी घातली, त्यात माझं रोप होतं."

यौगनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो झुडपाकडे पाही, पाटाकडे पाही, घराकडे पाही. "घातली... म्हणजे तशी घालणारच होतो. धुवायला ठेवली आणि जरा डोळा लागला. हे बघ, आत्याला सांगू नकोस हं."

रोंगमेई उठली आणि सरळ पाटात उतरली. तेवढ्यात यिनहुआ परत आली. दम लागलेला, उजवा हात कोपरापर्यंत लाळेने माखलेला. म्हशीच्या जबड्यात हात घालून ती शोधून आली होती. पाटातली पेंढी तिला दिसली.

"झोपला होतात?"

"हो," यौगन म्हणाला.

"तीस वर्षं ह्याच झोपेवरून मी तुम्हाला बोलते." ती पाण्यात उतरली.

पण पेंढी सुटेना. पाण्याने मी फुगलो होतो आणि यौगनचा पीळ म्हणजे पीळ. यिनहुआने नखे लावली, दात लावले. मग कमरेचा विळा काढला आणि मला सपकन कापले. इतकी वर्षे जिने मला दर हंगामानंतर धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवले, तिने क्षणाचाही विचार केला नाही. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण त्या क्षणी मीही तेच केले असते.

पेंढीत रोपे पुष्कळ होती आणि सगळी चिखलाने एकसारखी झालेली. रोंगमेई एकेक रोप उलटसुलट करून पाहत होती. तिला काही ओळखू येईना. यिनहुआ एकेक लोंबी पाण्यात खळबळून वर धरू लागली. दुपार कलली होती. सगळ्या फुलांची दारे बंद झाली होती. आणि मग एक लोंबी अशी आली की तिची दारे बंद, पण जांभळे केस बाहेर. ओले, चिकटलेले, तरी बाहेर.

"ही," यिनहुआ म्हणाली. "ही अजून उंबऱ्यावर बसलीय." आणि ती पाटात उभी राहून ढसाढसा रडू लागली. "ज्या हातांनी तुला भरवलं, त्याच हातांनी मी तुझं हे... रोंगमेई, मी तुझ्यासाठीच केलं गं."

"मला माहीत आहे, आत्या."

"म्हणून जास्त वाईट वाटतंय."

रोंगमेईने तिचा लाळेने माखलेला हात आपल्या गालाला लावला. मग दोघींनी रोपाच्या लोंब्या छाटल्या, फुटवे वेगळे केले आणि परातीत चिखल घालून लावले. परात वळचणीखाली सावलीत ठेवली. माझे दोन तुकडे यौगनने त्या रात्री पुन्हा एकत्र वळून जोडले.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी यिनहुआच्या स्वच्छ खाचराचे तोंड भरून कौतुक केले. ती त्या दिवशी जेवली नाही.

फुटवे एकेक करून पिवळे पडत गेले. यिनहुआ सकाळी उठली की आधी परातीपाशी जायची, चुलीपाशी नंतर. शेवटी एकच फुटवा उरला. तोही वाळणार असे वाटत असताना त्याच्या बुडाशी हिरवे टोक दिसले. यौगनने ते सगळ्यात आधी पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला झोपेतून उठवले. थंडी पडायच्या आत रोंगमेई ते रोप मांडीवर घेऊन हायनानला गेली. पूर्ण हिवाळाभर यिनहुआने फोनवर रोपाचे नाव काढले नाही. तब्येत विचारायची, जेवण विचारायची, आणि फोन ठेवल्यावर उगाच परात घासत बसायची. वसंतात रोंगमेई आली आणि तिने आत्याच्या तळहातावर मूठभर दाणे ठेवले. घट्ट, न गळणारे दाणे.

त्या दाण्यांपासून आईच्या ओळी तयार व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. पराग वांझ राहिले पाहिजेत, कुक्षी लांब राहिली पाहिजे, तूस रुंद उघडले पाहिजे, एकेक गुण पुढच्या पिढीत उतरला की नाही ते पाहायचे. घाईचे काम नाही ते. पण अखेर त्या ओळी आमच्या दरीत लागल्या, आणि पहिल्याच वर्षी फुलोऱ्यात पावसाने गाठले. दुपारी सर, दुसऱ्या दुपारी पुन्हा सर. मी खुंटीवरून पाहत होतो. तिसऱ्या दिवशी ऊन पडले. यिनहुआ आणि यौगन मला घेऊन धावले, मी बापाच्या लोंब्यांवरून फिरलो, आणि कालपरवाच्या फुलांचे जांभळे केस तसेच बाहेर, धुरळ्याची वाट पाहत. त्या वर्षी कापणीला लोंब्या जड होत्या. यौगनने बांधावरून इतक्या मोठ्याने गाणे म्हटले की शेजारच्यांनी त्याला चिखल फेकून मारला.

आता मात्र माझे दिवस सरले आहेत. दरीत पंख्यांचे छोटे उडते यंत्र येते, घूं घूं करत खाचरावरून जाते आणि माझ्या अख्ख्या सकाळचे काम जेवायच्या आत उरकते. सुरुवातीला मला राग आला. त्या यंत्राला कुणी सासरची दारू विचारत नाही, आणि त्याच्यामुळे बांधावरचे बोलणेही थांबले. माझ्यावर हल्ली मिरच्या वाळतात. एकदा तर यौगनने माझ्यावर आपले मोजे टाकले. असो. मोजेही वाळले पाहिजेत.

गेल्या हंगामात यिनहुआ भेसळ काढायला निघाली. गुडघे दुखतात, म्हणून आधाराला तिने मला कमरेला बांधले आणि दुसरे टोक रोंगमेईच्या हातात दिले. खाचरात सगळीकडे जांभळे केस वाऱ्यावर हलत होते. मधल्या ओळीत यिनहुआ थांबली. एक रोप तिथे वेगळे होते. त्याची कुक्षी दिसत नव्हती. दार लावून झोपलेले, जुन्या वळणाचे, तिने उभ्या आयुष्यात सांभाळले तसलेच रोप. आता या खाचरात तेच परके होते.

तिचा हात खाली गेला आणि मधेच थांबला.

"रोंगमेई," ती म्हणाली, "हे काढू का गं?"

उभ्या दरीत भेसळ काढताना कुणाला न विचारणारी बाई ती. रोंगमेई जवळ आली, वाकून पाहिले. "काढावं तर लागेल, आत्या. बियाण्याचं खाचर आहे."

यिनहुआने रोप उपटले. पण पेंढीत खुपसले नाही. ते ओंजळीत धरून ती हळूहळू बांधापर्यंत आली, वाकता येत नव्हते तरी वाकली, आणि रोपाची मुळे तिने पाटाच्या पाण्यात ठेवली. वर एक दगड ठेवला, वाहून जाऊ नये म्हणून.

"उद्या नीट बघू, काय आहे ते," ती म्हणाली.

मित्रांनो, मी दोर आहे, मला उपदेश जमत नाही. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या ओळीत कधी कुणी वेगळे उभे राहील आणि तुमचा हात आपोआप खाली जाईल. उपटावेच लागले तर उपटा. पण म्हशीपुढे टाकायची घाई करू नका. मुळे थोडा वेळ पाण्यात राहू द्या.